शाळेपुढील रस्ता : त्रिकोणी पाटी आणि गोल पाटी

गावची प्राथमिक शाळा रस्त्याच्या कडेला असणे ही पूर्वी मोठी सोय समजली जाई. पुढे बैलगाडीच्या वाटेचा डांबरी रस्ता झाला, त्यावरून एस.टी. धावू लागली, मालमोटारी आल्या. शाळा मात्र होती तेथेच राहिली. आज अशा शाळेची घंटा झाली की सारी मुले एकाच दाराने वाहत्या रस्त्यावर उतरतात. त्यांच्या रक्षणार्थ रस्त्यालगत बहुधा एकच व्यवस्था दिसते : तांबड्या काठाच्या त्रिकोणात मुलांची आकृती असलेली पाटी. ही पाटी उभी राहिली म्हणजे कायद्याने वेग कमी झाला, असा समज ग्रामस्थांत व पुष्कळदा शिक्षकांतही आढळतो. तो बरोबर नाही.

त्रिकोणी पाटी ही सावधगिरीची सूचना होय; पुढे शाळा आहे एवढेच ती सांगते. तांबड्या वर्तुळात आकडा लिहिलेली गोल पाटी ही आज्ञा होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११९ अन्वये आज्ञार्थक चिन्हे पाळण्याचे बंधन चालकावर आहे. कलम ११२ अन्वये राज्य शासन, किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी, लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या जागी कमी वेगमर्यादा ठरवू शकतो. मात्र ती राजपत्रात अधिसूचित व्हावी लागते आणि जागेवर तशी पाटी लावावी लागते. तोपर्यंत त्या रस्त्याची नेहमीची मर्यादाच शाळेपुढेही चालते. याचा अर्थ त्रिकोणी पाटीपुढे वाटेल तसे वाहन हाकण्याची मुभा आहे, असा नव्हे. धोकादायक रीतीने वाहन चालविणे हा कलम १८४ खाली अपराध आहेच, व तो ठरविताना रस्त्याचे स्वरूप आणि त्यावरील वर्दळ विचारात घेतली जाते. परंतु हा विचार बहुधा अपघात घडून गेल्यावर होतो.

आकड्याला एवढे महत्त्व का, हे साध्या गणिताने कळते. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे ८ मीटर जाते; ताशी ५० वेगाची सुमारे १४ मीटर. मूल दृष्टीस पडल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक उत्तम असतील तर, पहिली मोटार तेरा-चौदा मीटरांत उभी राहते. तेवढ्याच अंतरावर दुसरीचा ब्रेक नुकता लागू होत असतो. पहिली जेथे थांबली, तेथून दुसरी जवळजवळ पूर्ण वेगाने पुढे जाते. शाळेच्या मैदानात १४ मीटरांची दोरी टाकून वरच्या वर्गास हे उदाहरण घालावे. पुस्तकातील काळ-काम-वेगापेक्षा ते अधिक ध्यानात राहील. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या घोषणापत्रात, जेथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा असावी असे म्हटले आहे, त्याचे कारण हेच.

मुलांनाच नीट शिकविले म्हणजे झाले, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मुलांना शिकवावे, यात वाद नाही. पण त्या शिकवणुकीस मर्यादा आहे. स्वीडनमधील बालमानसशास्त्रज्ञ स्टीना सांडेल्स यांनी १९६० नंतरच्या दशकात दीर्घ निरीक्षणाअंती असे दाखविले की, लहान मुलास कितीही शिकविले तरी वाहनांच्या रहदारीस ते पूर्णपणे जुळवून घेऊ शकत नाही. येणाऱ्या वाहनाचा वेग त्यास अजमावता येत नाही, आणि पलीकडे आई दिसली की पाठ केलेला नियम आठवत नाही. पहिलीतील मूल उभ्या मोटारीआड झाकले जाते, ही गोष्ट तर वयाचीच आहे. म्हणून पहिला भार चालकावर पडतो.

आपल्याकडील दोन प्रसंग विशेष जपण्याजोगे आहेत. एस.टी.तून उतरलेले मूल गाडीच्या पुढून किंवा मागून रस्ता ओलांडू पाहते, तेव्हा गाडीस वळसा घालून येणाऱ्या चालकास ते दिसत नाही. गाडी निघून जाईपर्यंत मुलांस कडेलाच उभे करावे. दुसरा प्रसंग ऊस गळिताच्या हंगामातील. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर गेला की वाट मोकळी झाली असे मुलास वाटते, आणि भरलेली ट्रॉली जागच्या जागी थांबत नाही. कारखाने सुरू होण्यापूर्वीच गावातील ट्रॅक्टरचालकांस शाळेत बोलावून शाळेच्या वेळा सांगितल्यास ते बहुधा ऐकतात, कारण त्यांचीही मुले त्याच शाळेत असतात.

गोल पाटीसाठी अर्ज करण्यापूर्वी रस्ता कोणाचा, हे पाहावे. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असल्यास रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असल्यास राज्य महामार्ग. राज्य महामार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर ग्रामीण रस्त्यासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा व ग्रामसभेचा ठराव, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळा, रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची संख्या आणि दाराजवळचा हातनकाशा अर्जास जोडावा. एक प्रत पोलीस ठाण्यास आणि एक कलम २१५ खालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीस पाठवावी. केवळ ‘शाळेजवळ पाटी लावावी’ असे लिहिल्यास पुन्हा त्रिकोणी पाटीच मिळण्याचा संभव असतो; ‘वेगमर्यादेची पाटी’ असे स्पष्ट लिहून आकडा घालावा.