प्रवाळ मत्स्यालय

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात असणाऱ्या प्रवाळभित्तीसारखी परिस्थिती काचेच्या टाकीत निर्माण करून तेथील मासे, अपृष्ठवंशी प्राणी व शैवाल जिवंत राखण्याची व्यवस्था होय. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात लक्ष मुख्यत्वे माशांकडे असते. प्रवाळ मत्स्यालयात ते आधी पाण्याकडे द्यावे लागते. पाण्याची क्षारता, तापमान व रासायनिक घटक स्थिर राहिले तर प्राणी जगतात, अन्यथा महागडी उपकरणेही निरुपयोगी ठरतात. बुलढाण्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यात हे पाणी घरीच तयार करावे लागते. म्हणून मत्स्यालयाच्या नियोजनाचा प्रारंभ माशांच्या निवडीने न करता पाणी, वीज व कायदा यांच्या विचाराने करणे श्रेयस्कर असते.

इतिहास

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जनतेसाठी पहिले मत्स्यालय उघडण्यात आले. इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनविण्याची कृती प्रसिद्ध केली. समुद्रापासून दूरच्या ठिकाणी सागरी जीव पाळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास जकार्ता येथील ली चिन एंग यांनी सजीव खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळ जगवून दाखविले. पाणी शुद्ध राखण्याचे काम खडकातील सूक्ष्मजीव करू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. महाराष्ट्रात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. सागरी मासे जवळून पाहण्याची संधी अनेक पिढ्यांना तेथेच प्रथम मिळाली.

कायदेशीर मर्यादा

प्रवाळ हे वनस्पती किंवा खडक नसून प्राणी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व भित्तिनिर्माते प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांनाही असेच संरक्षण आहे. जिवंत प्रवाळ असो वा त्याचा वाळलेला सांगाडा, तो समुद्रातून काढणे, विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. माल परदेशी असल्याचे विक्रेत्याने सांगितले म्हणून प्रश्न सुटत नाही. अनुसूची प्राण्याच्या वर्गाचे नाव सांगते, त्याच्या देशाचे नव्हे.

या तरतुदींमागे सबळ कारण आहे. प्रवाळभित्ती अतिशय मंद गतीने वाढते आणि असंख्य सागरी जीवांना आसरा देते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत मालवण सागरी अभयारण्यात प्रवाळ आढळतात. हे अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या उंचवट्यावरही प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे.

त्यामुळे भारतातील घरगुती प्रवाळ मत्स्यालय हे व्यवहारात कृत्रिम खडकांवर उभारावे लागते. सच्छिद्र सिरॅमिक किंवा सिमेंटयुक्त खडक, बंदिस्त अवस्थेत पैदास केलेले मासे, कोळंबीसारखे कायद्याने अनुज्ञेय प्राणी आणि सागरी शैवाल यांतूनही प्रवाळभित्तीचे जीवन समजून घेता येते. एखाद्या प्राण्याची ओळख निश्चित पटत नसेल, तर तो विकत न घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

पाण्याची तयारी

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारणतः ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या दरम्यान राखला जातो. प्रत्येक लिटरमध्ये कॅल्शियम सुमारे ४०० ते ४५० मिलिग्रॅम व मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम असते.

बुलढाणा जिल्ह्यात खारे पाणी नैसर्गिकरीत्याही आढळते. परंतु पाणी खारे असले म्हणजे ते समुद्राचे होत नाही. लोणारचे सरोवर उल्काघाताने निर्माण झालेल्या विवरात असून त्याचे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू समुद्राच्या पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक असल्याने सागरी मासे त्यात जगू शकत नाहीत. शिवाय सरोवर संरक्षित असून २०२० पासून रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणीही थेट वापरता येत नाही, कारण त्यातील क्षारांचे परस्पर प्रमाण समुद्रापेक्षा वेगळे असते. स्वयंपाकाचे मीठ हे मुख्यतः सोडियम क्लोराइड असल्याने त्यापासूनही समुद्रजल बनत नाही.

योग्य पद्धत अशी : आरओ यंत्राने पाणी क्षारमुक्त करून ते आयन-विनिमय रेझिनमधून जाऊ द्यावे आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी क्षारमिश्रण विरघळवावे. घरगुती पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी काही क्षार परत मिसळले जातात, म्हणून टीडीएस मीटरने पाणी तपासून ते शून्याजवळ आणावे. मिश्रण पंपाने काही तास ढवळल्यानंतर रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजावी. आरओ यंत्र मिळालेल्या प्रत्येक लिटरमागे बहुधा त्याहून अधिक पाणी बाहेर टाकते. टंचाईच्या भागात ते धुणे व फरशी पुसणे यांसाठी साठवणे आवश्यक ठरते.

टाकी व उपकरणे

नवख्या व्यक्तीने लहान टाकीने सुरुवात करावी असा समज रूढ आहे; तथापि लहान टाकीत बदल वेगाने घडतात व चूक सुधारण्यास वेळ मिळत नाही. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर मापाची टाकी घरगुती प्रारंभासाठी सोयीची असते. तिची पूर्ण क्षमता सुमारे १८२ लिटर असून खडक व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे १५० लिटर पाणी उरते. पाणी, काच, खडक व स्टँड मिळून भार दोनशे किलोंच्या पुढे जातो; म्हणून जमीन व स्टँड समतल आणि भक्कम असावेत. टाकीवर थेट ऊन पडू नये.

पाण्याच्या प्रवाहासाठी तासाला टाकीतील पाण्याच्या दहा ते वीस पट, म्हणजे १,५०० ते ३,००० लिटर, पाणी फिरविणारे पंप लागतात. प्रोटीन स्किमर हे यंत्र पाण्यात सूक्ष्म बुडबुडे सोडते. सेंद्रिय पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसाबरोबर वर येतात व कुजण्यापूर्वीच बाहेर काढले जातात. भित्तिनिर्मात्या प्रवाळांच्या ऊतींत राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशसंश्लेषणाने त्यांना अन्न पुरवते. प्रवाळांसाठी प्रखर प्रकाश लागतो तो त्यामुळेच. केवळ मासे व सागरी शैवाल असलेल्या टाकीस मध्यम एलईडी प्रकाश दिवसाला आठ ते दहा तास पुरतो.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस राखावे लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि पाणी जितके उष्ण तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. पृष्ठभागावर पंखा लावल्यास कोरड्या हवेत कूलरप्रमाणे बाष्पीभवनाने पाणी थंड होते. पण मे महिन्यातील उष्म्यात चिलरची गरज भासते. हिवाळ्यातील रात्रींसाठी १५० वॅटचा हीटर लागतो. वीज खंडित झाल्यास प्रकाश व स्किमर काही तास बंद राहिले तरी चालते. प्रवाह थांबणे मात्र घातक असते. म्हणून एक पंप इन्व्हर्टरवर किंवा हवेचा पंप बॅटरीवर ठेवणे हा खर्चाचा अनिवार्य भाग मानावा.

जैविक परिपक्वता

माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका गटातील जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या गटातील जीवाणू नायट्राइटचे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सामू जितका अधिक तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. समुद्रजलात त्याची अल्प मात्राही प्राणघातक ठरण्याचे हे एक कारण आहे. जीवाणूंची वस्ती खडकांवर स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनियाचा बाह्य स्रोत देऊन परीक्षण संचाने नियमित मोजमाप करतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकल्याशिवाय टाकीत मासे सोडू नयेत. नव्या टाक्यांतील मृत्यूंचे एक प्रमुख कारण या टप्प्यावरील उतावीळपणा हे असते.

माशांची निवड

प्रारंभासाठी क्लाऊनफिश हा मासा उपयुक्त आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने भारतात त्याच्या बंदिस्त पैदासीचे तंत्र विकसित केले आहे. अशी पिले टाकीतील जीवनाला सरावलेली असतात व त्यांच्यासाठी समुद्रातून मासे पकडावे लागत नाहीत. समुद्रफुलाविनाही हा मासा टाकीत उत्तम राहतो. वरील मापाच्या टाकीत क्लाऊनफिशची जोडी व दोन-तीन लहान गोबी एवढीच संख्या योग्य होय. चित्रपटामुळे लोकप्रिय झालेला ब्लू टँग सुमारे ३० सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे या टाकीत त्याला ठेवू नये. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत सोडावा. रोगावरील तांबेयुक्त औषध मुख्य टाकीत घातल्यास कोळंबी व इतर अपृष्ठवंशी प्राणी मरतात.

देखभाल

बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार मागेच राहतात. १५० लिटरपैकी आठ लिटर पाणी उडाले तर क्षारता ३५ वरून सुमारे ३७ होते. ही तूट दररोज क्षारमुक्त पाण्यानेच भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे सुमारे १५ लिटर, पाणी बदलल्यास त्यासाठी अर्धा किलोहून थोडे अधिक क्षारमिश्रण लागते. वर्षाचा हिशेब सुमारे २७ किलो होतो. काढलेले पाणी झाडांना किंवा शेतात घालू नये. क्षारांमुळे जमीन कशी नापीक होते, हे खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. हे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे. मासे व शैवाल मात्र नदी, तलाव किंवा समुद्रात कधीही सोडू नयेत.

क्लाऊनफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्यामुळे टाकीच्या किमतीबरोबरच पुढील अनेक वर्षांचे पाणी, क्षार, वीज आणि गावाला गेल्यावर देखरेख करणारी व्यक्ती यांचा हिशेब आरंभीच मांडावा लागतो. हा हिशेब जुळत नसल्यास गोड्या पाण्याचे मत्स्यालय हा अधिक योग्य पर्याय ठरतो.