वाचा-उपचार विभागातील सापशिडी



या अहवालास जोडलेल्या जमाखर्चात वाचा-उपचार विभागाच्या साहित्यखर्चाखाली पत्त्यांचे कॅट, सापशिडीचे पट, कोरे पुठ्ठे, रंगखडू आणि एक ध्वनिमुद्रक अशा वस्तूंची नोंद आढळेल. रुग्णालयाने सापशिडी कशासाठी विकत घ्यावी, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास त्यात वावगे काही नाही. तो सर्वप्रथम आम्हीच विचारला होता. खरेदीचा प्रस्ताव टेबलावर आला तेव्हा ‘मनोरंजनावरील खर्च, मंजूर करता येत नाही’ असा शेरा मारून आम्ही तो परत पाठविला. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. औषधे, उपकरणे आणि वेतन यांपलीकडचा खर्च दिसला की लेखणी आपोआप थांबते. विभागातील वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी वाद घातला नाही. “एका दुपारी येऊन बसा,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्या दुपारी पाचवी ते आठवीतील मुले आली होती. लहान मूल आईचे बोट धरून येते आणि सांगितलेला शब्द आनंदाने दहा वेळा म्हणते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे तसे नसते. आपल्या बोलण्याला वर्ग हसतो हे त्याला पुरते कळलेले असते, आणि आरशापुढे बसून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे त्याला अपमानास्पद वाटते. ‘मोठा झाला की सुटेल’ या भरवशावर कित्येकांची आधीची वर्षे वाया गेलेली असतात. अशा मुलाने उपचार मध्येच सोडणे हा या विभागापुढील सर्वांत मोठा अडथळा होय, आणि त्यावर औषध नाही.

एका मुलीला ‘ळ’ म्हणता येत नव्हता. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला कसे लावायचे, हे तिला आधी शिकवून झाले होते. उरला होता सराव. बाईंनी पुठ्ठ्यांवर ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘गाल’ आणि ‘गाळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ अशा जोड्यांची चित्रे काढली होती. समोरच्या मुलाकडून हवे ते पान मागायचे. उच्चार चुकला तर भलतेच पान हाती येते. माळ मागून मालाचे पोते हाती आले, तेव्हा ती स्वतःच हसली आणि पुन्हा म्हणाली. बाई प्रत्येक उच्चारासाठी कागदावर उभी रेघ मारीत होत्या. डाव संपला तेव्हा रेघांच्या चार ओळी भरल्या होत्या. हिशेब ठेवण्याची ही पद्धत आमच्या ओळखीची असल्याने आम्ही प्रथमच नीट लक्ष देऊन पाहू लागलो. सापशिडीतही असेच, घर पुढे सरकण्यापूर्वी ठरलेल्या ध्वनीचे एक वाक्य बोलावे लागते.

(येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल घरची बोली बोलत असेल, तर तो दोष नव्हे आणि त्यावर उपचारही नाहीत. अशा मुलांना आमच्याकडे पाठविणाऱ्या शिक्षकांना आम्ही नम्रपणे तसे कळवितो.)

काही मुलांचे उच्चार स्वच्छ असतात, पण शब्द सापडत नाहीत, वाक्य अर्ध्यावर तुटते, घडलेली हकिकत क्रमाने सांगता येत नाही. त्यांच्यासाठी दोघांमध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा लावतात. एकाने आपल्याजवळचे चित्र शब्दांनी सांगायचे, दुसऱ्याने न पाहता ते काढायचे. ‘तिकडे ते काढ’ म्हणून भागत नाही. ‘झाडाच्या डावीकडे, विहिरीच्या थोडे वर’ असेच म्हणावे लागते. कोणी भेळ करण्याची कृती सांगतो, कोणी आवाज बंद केलेल्या क्रिकेट सामन्याचे धावते समालोचन करतो. ‘पोटात कावळे ओरडणे’ याचे एकाने शब्दशः चित्र काढले होते. ते विभागाच्या भिंतीवर लावले आहे.

मात्र आम्हाला खरा धडा मिळाला तो अडखळत बोलणाऱ्या एका सातवीतील मुलाकडून. हजेरीच्या वेळी त्याच्या तोंडून ‘हजर’ निघत नसे, म्हणून उपस्थित असूनही त्याची गैरहजेरी लागे. प्रार्थनेत मात्र तो सर्वांबरोबर अस्खलित म्हणत असे. त्यामुळे तो मुद्दाम करतो, असा शाळेचा समज झाला होता. वास्तविक अडखळणाऱ्या बहुतेकांना समूहात एकसुरात म्हणताना किंवा गाताना अडचण येत नाही, आणि स्वतःचे नाव सांगताना ती सर्वाधिक येते. यात हट्टाचा वा आळसाचा संबंध नाही. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असे बजावल्याने किंवा त्याचा शब्द आपणच पुरा केल्याने मुलावरील दडपण वाढते. बोलणे पुरे होईपर्यंत त्याच्याकडे पाहत थांबणे, हेच घरच्यांनी करावयाचे काम. त्याच्या आईस ते सर्वांत अवघड गेले, असे त्या माउलीनेच सांगितले.

या मुलासाठी बाईंनी योजलेला उपक्रम होता दूरध्वनीचा. आधी शेजारच्या खोलीत, मग उपाहारगृहात, आणि शेवटी अनोळखी माणसास. अनोळखी म्हणून त्याने आमच्याच चौकशी खिडकीला फोन लावून बाह्यरुग्ण विभागाची वेळ विचारावयाचे ठरविले. पहिला शब्द निघण्यास वेळ लागला. पलीकडे शांतता ऐकून आमच्या कर्मचाऱ्याने फोन ठेवून दिला. त्याने पुन्हा लावला; पुन्हा तेच झाले. आम्ही त्याच खोलीत बसलो होतो. काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. तिसऱ्या वेळी त्याने आरंभीच, अडखळतच, “मी अडखळतो, जरा थांबा” असे सांगितले आणि वेळ विचारून घेतली.

त्याच सायंकाळी आम्ही प्रस्तावावरील आपला शेरा खोडून ‘उपचार-साहित्य’ या शीर्षाखाली तो मंजूर केला. चौकशी खिडकी आणि दूरध्वनी कक्षातील सर्व कर्मचाऱ्यांची बैठक घेऊन, पलीकडून आवाज आला नाही तरी फोन लगेच ठेवू नये आणि बोलणाऱ्यास मध्ये तोडू नये, अशी लेखी सूचना दिली. वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्वाचा समावेश 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे, हे आमच्या कार्यालयातील धारिकेत होते. खिडकीपर्यंत ते पोहोचले नव्हते.

उपचारांच्या वेळा शाळा सुटल्यानंतरच्या ठेवाव्यात, अशी पालकांची मागणी असून त्यासाठी आणखी एका उपचारतज्ज्ञाची गरज आहे. या पदाच्या वेतनासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात भेटावे. प्रथम एका दुपारी विभागात येऊन बसावे, असे आम्ही सुचवू. सापशिडीच्या पटांच्या कडा आता झिजल्या आहेत. ते बदलण्याची तरतूद पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात केली आहे.