विश्लेषण : शिवनेरीच्या कड्यावरची ‘शिंदळ माकुडी’ बार्शीटाकळीच्या कुंडीत जगेल का?

घराच्या खिडकीत सक्युलंट म्हणजे मांसल, पाणी साठवणारी झाडे ठेवण्याची हौस आता तालुक्याच्या गावांतही पोहोचली आहे. परदेशी रोपांसाठी पैसे मोजणाऱ्यांना मात्र अशी एक दुर्मीळ फुलवेल महाराष्ट्राचीच आहे, हे अनेकदा ठाऊक नसते.

काय आहे शिंदळ माकुडी?

शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1860च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले. ती आपल्या रुईच्याच कुळातली. तिच्या जवळच्या नातलगांना पाने जवळपास नसतातच, हिला मात्र पावसाळ्यात चांगली जाड पाने फुटतात आणि कोरड्या दिवसांत झडतात. फुले तपकिरी-जांभळी, त्यावर पिवळे ठिपके. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवरच ती निसर्गतः उगवते. ‘आययूसीएन’ने एकेकाळी जगातील सर्वाधिक धोक्यातील 12 वनस्पतींत तिचा समावेश केला होता.

वऱ्हाडात अडचण कोणती?

ऊन हीच अडचण, असे वाटेल. ते अर्धेच खरे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो तेव्हा मांसल झाडेही भाजतात, म्हणून दुपारी सावली हवीच. पण जास्त झाडे मरतात ती काळ्या मातीने. कपाशीला मानवणारी ही माती पाणी धरून ठेवते आणि कड्याच्या फटीत वाढणाऱ्या वेलीची मुळे त्यात कुजतात. कुंडीत निम्म्याहून अधिक जाड वाळू, मुरूम आणि विटांचे बारीक तुकडे घाला. कुंडी मातीची, तळाला छिद्र असलेली. कूलरच्या ओलसर झोतासमोर ती ठेवू नका.

पाणी किती?

ही झाडे बाष्प वाचवण्यासाठी खोडांवरची रंध्रे प्रामुख्याने रात्री उघडतात, त्यामुळे त्यांची तहान कमी असते. पावसाळ्यात वाढ सुरू असताना माती वाळली की पाणी, पाने झडल्यावर अगदी क्वचित. पानझडीला ‘झाड मेले’ समजून रोज पाणी घालणे हाच घात. खोड टणक असेल तर वेल जिवंत आहे. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो शेतकऱ्यांच्या ओळखीचा पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसून काढा.

रोप आणायचे कुठून?

गडावरून तर मुळीच नाही. मोजक्या कड्यांवर उरलेल्या वेलीचा एकेक झुपका मोलाचा असतो. खोडाचा तुकडा कापून, दोन-चार दिवस सावलीत सुकवून वाळूत लावला की तो सहज रुजतो. म्हणजे ओरबाडण्याची गरजच नाही. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : रोप फाट्यापासून केले की जंगलातून आणले? उत्तर देताना तो चाचरला, तर रोप घेऊ नका.