सिबिलचा उतारा आणि मोटारसायकलचें कर्ज

धानाची विक्री आटोपली म्हणजे सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, चामोर्शी या बाजूस मोटारसायकलच्या दुकानांत तरुण शेतकऱ्यांची ये-जा वाढते. ज्या गांवीं एस. टी. दिवसांतून एकदां येते, तेथें या वाहनास चैनीची वस्तु म्हणतां येणार नाहीं; भाजीपाला, खताची गोणी व प्रसंगीं आजारी मनुष्य, सर्व कांहीं तिच्यावरूनच जातें. परंतु पुष्कळांस "तुमचें सिबिल खराब आहे" एवढेंच ऐकून परत यावें लागतें. हें सिबिल म्हणजे काय, अशी पृच्छा कांहीं सभासदांनीं केल्यावरून हा खुलासा करीत आहों.

आमची हयात महसूल खात्यांत गेली, त्यामुळें आम्हांस तरी हा विषय सातबाऱ्याच्या दृष्टान्तानेंच उमगला. सातबाऱ्यांत जमिनीची व तिच्यावरील बोजाची नोंद असते. सिबिलच्या अहवालांत मनुष्याच्या कर्जाची व फेडीची. सिबिल ही कंपनी सन २००० मध्यें निघाली व पुढें सन २००५ च्या कायद्यानें अशा कंपन्यांचें नियमन झालें. आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन व सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या हें काम करितात. लोकांच्या तोंडीं मात्र एकच नांव राहिलें आहे. नोंदींवरून ३०० ते ९०० पर्यंत गुण देण्यांत येतात. अमुक गुणांखालीं कर्ज देऊंच नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाहीं. पूर्वीं कधींच कर्ज न काढणाराची पाटी कोरी असते. केवळ तेवढ्यावरून त्याचा अर्ज नाकारूं नये, असें सरकारनें सन २०२५ मध्यें लोकसभेंत स्पष्ट केलें आहे.

आतां आमच्या भागांतील खरी अडचण. धानाचें पीक कर्ज हंगामावर चालतें. थकबाकी दोन हंगाम राहिली म्हणजे तें अनुत्पादित ठरतें. मोटारसायकलचें कर्ज मात्र नव्वद दिवस थकलें कीं त्याच सदरांत जातें, आणि एका महिन्याचा हप्ता कांहीं दिवस चुकला तरी त्याची नोंद उमटते. आमच्या शेतकऱ्याच्या हातीं पैसा धान विकल्यावर व तेंदूपानाच्या वेळीं येतो. हप्ता तर भर श्रावणांत रोवणीच्या दिवसांतहि येतो. सन २०२५ पासून बँकांनीं महिन्यांतून निदान दोनदां माहिती कळवावयाची असल्यानें चूक झांकून राहत नाहीं. धानाचे पैसे आले कीं पुढील सहा महिन्यांचे हप्ते बँकेंत बाजूस ठेवावे, नाहीं तर गाडी घेण्याची घाई करूं नये.

आमच्या पाहण्यांतील एका तरुणानें उभ्या जन्मांत कर्ज घेतलें नव्हतें, तरी त्याचा अर्ज फेटाळला गेला. अहवाल काढला तेव्हां कळलें कीं नात्यांतील एकाच्या ट्रॅक्टरसाठीं तो जामीन होता व तें कर्ज थकलें होतें. जामीनकीची सही अहवालांत येते, हें त्यास कोणींहि सांगितलें नव्हतें. महिला बचत गटामार्फत किंवा लहान कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडून घेतलेलीं कर्जेंहि अहवालांत दिसूं शकतात. तडजोडीनें कमी रक्कम भरून मिटविलेलें कर्ज 'सेटल्ड' म्हणून राहतें. पूर्ण फेडलेल्या कर्जाच्या 'क्लोज्ड' या शेऱ्याची सर त्यास येत नाहीं. सन २०१७ व २०१९ च्या कर्जमाफींत ज्यांचीं खातीं मिटलीं, त्यांनीं आपल्या खात्यापुढें कोणता शेरा आहे हें अवश्य पाहावें.

व्याजाविषयीं दोन शब्द. दुकानांत "दहा टक्के" म्हणतात, तें पुष्कळदां सरसकट मूळ रकमेवर असतें. ८०,००० रुपये तीन वर्षांसाठीं अशा दरानें घेतल्यास व्याज २४,००० रुपये व मासिक हप्ता सुमारें २,८८९ रुपये होतो. मुद्दल दरमहा घटत जातें हें लक्षांत घेतां हा दर वस्तुतः अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाचा एकूण वार्षिक दर दाखविणारें विवरणपत्र देणें सावकारी संस्थांवर बंधनकारक आहे. तें मागून घ्यावें, सही नंतर.

प्रत्येक कंपनीकडून वर्षास एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यास पॅन क्रमांक व चालू मोबाईल क्रमांक लागतो. नेट मिळत नसल्यास तालुक्याच्या गांवीं जाऊन काढावा. पैसे घेऊन "सिबिल दुरुस्त करून देतों" म्हणणारे दलाल हल्लीं बाजारांत फिरतात, त्यांच्या हातीं आधार व पॅन देऊं नये. खरी नोंद कोणासहि खोडतां येत नाहीं. खोटी असल्यास कंपनीकडे व कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार स्वतः करावी व तिचा क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढील दर दिवसास १०० रुपये भरपाईचा नियम आहे, व त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते. अहवाल गाडी पसंत करण्यापूर्वींच काढावा, कारण दुरुस्तीस महिना सहज जातो, आणि दुकानोदुकानीं केलेल्या प्रत्येक अर्जाची चौकशीहि त्याच अहवालांत नोंदली जाते.