बुडाचा शिक्का शेवटी

सीफू कुपी माझ्या हातात देतात तेव्हा तिच्या बुडावर आधीच कागदी चिकटपट्टी लावलेली असते. बुडाला बादशहाच्या नावाचा शिक्का असतो आणि तो एकदा वाचला की डोळे बाकीचं काही पाहायला तयार होत नाहीत, हा त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव. त्यामुळे गेली तीन वर्षं, शनिवारी दुपारी, हाँगकाँगमधल्या त्यांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर मी अशा तोंडाला बूच आणि बुडाला पट्टी असलेल्या कुप्या पाहत बसते. सीफू म्हणजे कँटनीज बोलीत उस्ताद. त्यांचं खरं नाव मी कधी उच्चारलेलं नाही.

दुकान आहे अपर लास्कर रो या गल्लीला लागून. लास्कर हे मूळचं आपलं लष्कर. इंग्रजांच्या जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांना हे नाव पडलं होतं आणि कोकणातल्या खाड्यांवरूनही कितीतरी घरांतली माणसं तशी गेली. इथे उतरलेले खलाशी या भागात राहायचे, म्हणून गल्लीचं हे नाव. आता इथे जुन्या वस्तू मिळतात आणि त्याहून जास्त, जुन्या दिसणाऱ्या वस्तू.

या कुप्या तपकिरीच्या. चिनी भाषेत त्यांना बी-यान-हू म्हणतात. नाक, धूर, कुपी असे तीन सरळ शब्द. माझ्या आजोबांची तपकिरीची डबी पितळेची होती आणि पावसाळ्यात तिच्यातली तपकीर सर्दून तिचे गोळे व्हायचे, हे मला नीट आठवतं. चीनमध्येही हीच अडचण आली असणार. तंबाखू तिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचला. नाकात ओढायची तपकीर मात्र दरबारी मानाची झाली ती कांगशी बादशहाच्या काळात, म्हणजे 1662 ते 1722 या वर्षांत. जेझुइट पाद्री ती नजराणा म्हणून आणत. युरोपातल्या डब्या दमट हवेत कुचकामी ठरल्या आणि चिन्यांनी हाताशी होती ती औषधाची कुपी घेतली. अरुंद तोंड, घट्ट बूच, बुचाला आतून जोडलेला हाडाचा किंवा हस्तिदंताचा बारीक चमचा. चमच्याने चिमूटभर काढून अंगठ्याच्या नखावर घ्यायची.

हा इतिहास पाठ असला की पहिली चाळणी आपोआप लागते. सुरुवातीच्या कुप्या काचेच्या, जेडच्या, धातूवर मिना केलेल्या. चिनी मातीच्या कुप्यांचा खरा सुकाळ झाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणि आज हाताशी येतात त्यांतल्या बहुसंख्य एकोणिसाव्या शतकातल्या असतात. त्यामुळे पट्टीखाली कांगशीचा शिक्का निघाला तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी.

आधी नुसती हातात धरायची. उंची सहा-सात सेंटिमीटर, मुठीत मावेल एवढी. कुपीच्या अंगाला आपल्या मडक्यासारखीच नावं आहेत: तोंड, मान, खांदा, पोट, बूड. चपटी कुपी बहुधा साच्यात दोन अर्ध्या भागांत घडवून जोडलेली असते. दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला की सांध्याची अगदी पुसट उंची लागते. मग चित्रावरून नख फिरवायचं. नख कुठेच अडलं नाही तर रंग झिलईच्या खाली आहे. बारीकशी पायरी लागली तर तो झिलईवर चढवलेला मिना आहे. या दोघांच्या भट्ट्याच वेगळ्या. झिलईखालचा निळा म्हणजे कोबाल्ट. तो कच्च्या मातीवर रंगवून, वर झिलई देऊन सुमारे 1300 अंशांवर भाजतात. मिन्याचे रंग भाजून निघालेल्या भांड्यावर चढतात आणि सात-आठशे अंशांच्या दुसऱ्या, सौम्य भट्टीत बसतात. हे बहुतेक सगळं जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेन या गावात चालायचं. बादशहाची भट्टी तिथेच होती आणि खासगी भट्ट्याही तिथेच.

मागच्या महिन्यातली एक कुपी सांगते. उभी, नळकांड्यासारखी. अंगभर निळ्या रेषांचा ड्रॅगन, आणि त्याच्याभोवतीच्या ज्वाळा तांबड्या. हा तांबडाही झिलईखालचा, तांब्यापासून केलेला. याच्याइतका लहरी रंग दुसरा नाही. भट्टीतला प्राणवायू नेमक्या वेळी कमी झाला तर तो लाल येतो, जरा चुकलं की करडा किंवा काळजासारखा काळपट होतो. या कुपीवर एका बाजूच्या ज्वाळा डाळिंबी होत्या आणि दुसरीकडच्या राखेच्या रंगाच्या. एवढ्याशा नळकांड्याच्या दोन बाजूंना भट्टीतली वेगवेगळी हवा लागली होती. मला तो दोष वाटला. सीफू म्हणाले, “नक्कल करणारा असा भाग राहू देत नाही. तो सगळीकडे सारखा लाल आणतो.”

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून निळ्या रेषांवर पाहिलं. झिलईत लहान-मोठे बुडबुडे अडकलेले, रंग त्यांच्या तळाशी. रेषेच्या कडा किंचित पाझरलेल्या. निळ्यात गडद-फिकट होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे जो शुद्ध केलेला, जांभळट, एकसुरी निळा येतो तसा तो नव्हता. बुडाच्या कडेला झिलई नाही तिथे उघडी माती दिसत होती आणि झिलई संपते त्या रेषेवर नारिंगी छटेची बारीक किनार होती. मग सीफूंनी पट्टी काढली. निळ्यात लिहिलेली अक्षरं: योंगझेंगच्या काळात केली. योंगझेंग बादशहा 1723 ते 1735 राज्य करत होता आणि ही कुपी तेव्हाची नाही. अशा निळ्या-तांबड्या नळकांडी कुप्यांवर त्याचा शिक्का सर्रास मिळतो आणि त्या सुमारे 1820 ते 1880 या दरम्यानच्या असतात.

हे खोटं म्हणायचं का? मी सुरुवातीला म्हणायचे. आता म्हणत नाही. ज्या काळाचं काम सर्वोत्तम मानलं त्या काळाचं नाव खाली घालायची रीत जिंगदेझेनच्या कुंभारांत या कुप्यांच्याही कितीतरी आधीपासून होती. त्यात आदर होता. 1840 सालच्या गिऱ्हाइकाला आपण शंभर वर्षांपूर्वीची वस्तू घेतोय असं वाटत नव्हतं. फसवणूक सुरू होते ती जुन्या वस्तूला बाजारभाव आला तेव्हापासून, आणि तिचा राग मला आजही येतो. कारण तिच्यामुळे चांगल्या, नव्या, मन लावून केलेल्या कुपीलाही कोणी तिच्या स्वतःच्या नावाने ओळखत नाही.

फसवणाऱ्यांचा सगळा जीव झिजेवर असतो. नवी कुपी चकाकते, म्हणून कोणी ती आम्लात बुडवतात. भिंगाखाली मग अंगभर सारखे बारीक खड्डे दिसतात. कोणी वाळूचा कागद मारतात. ओरखडे एकाच दिशेने, फणी फिरवल्यासारखे. बुडाच्या कडेला चहा किंवा पोटॅशियम परमँगनेट चोळतात. खरी झीज अशी सर्वत्र वाटलेली नसते. माणूस कुपी बोटांनी धरतो, कमरेच्या पिशवीत ठेवतो, काढतो. म्हणून पोटाचा सर्वांत फुगीर भाग, खांद्यावरचं सोनेरी काम आणि तोंडाची कड आधी झिजते. मानेच्या खाचेत सोनं तसंच राहतं. ओरखडे नाना दिशांचे, काही खोल, बरेचसे उथळ. जुन्या मिन्याभोवती, कुपी उजेडात तिरपी धरली तर, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी रंगीत झाक दिसते. चित्राच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसली तर पुढे काही पाहायचंच नाही, ते छापलेलं आहे. बुचावर मात्र विसंबू नये. बुचं हरवतात आणि बदलली जातात.

माझी सर्वांत मोठी चूक एका हिरव्या-गुलाबी कुपीची. पट्टी मीच घाईने काढली आणि खाली लाल रंगात चियानलोंग बादशहाचा चार अक्षरी शिक्का पाहून माझं बाकीचं पाहणं थांबलं. गुलाबी सुंदर होता. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होणारा हा रंग 1720च्या दशकात चीनमध्ये रुजला, म्हणजे काळाला बाध येत नव्हता. सीफूंनी हिरव्या पानावर बोट ठेवलं आणि कुपी क्ष-किरणांच्या तपासणीला पाठवली. ही तपासणी वस्तूला धक्का न लावता रंगातली मूलद्रव्यं सांगते. (भाजणीचा काळ मोजण्याची जी दुसरी पद्धत आहे तिच्यासाठी वस्तूला भोक पाडून माती काढावी लागते, सहा सेंटिमीटरच्या कुपीला ते कोण करणार?) हिरव्यात क्रोमियम निघालं. क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रान्समध्ये वोक्लँ याने शोधलं 1797 साली. चियानलोंगची राजवट 1795ला संपते आणि त्याच्या कुंभारांचा हिरवा तांब्याचा होता. कुपी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ठरली. गुलाबी तरीही सुंदरच होता. पण त्या दिवसानंतर मी पट्टीला हात लावलेला नाही.

एक गोष्ट आपल्याला समजून घ्यायला सोपी जाते. काही कुप्यांवर बादशहाचं नाव नसून साठ वर्षांच्या चक्रातलं वर्ष लिहिलेलं असतं, जसं आपल्या पंचांगात प्रभव, विभव करत साठ संवत्सरं फिरतात. चक्राचं पहिलं वर्ष ज्याझी. ते 1804 असू शकतं, 1864 असू शकतं, 1924ही. अक्षरं खरी असली तरी कोणता फेरा हे मातीनेच सांगायचं.

परवाच्या शनिवारची कुपी चपटी होती. पांढऱ्या जमिनीवर कोबीचं पान आणि त्यावर दोन रातकिडे. किडे पाळणं, त्यांच्या झुंजी लावणं हा चीनमधला जुना शौक आहे आणि दाओग्वांग बादशहाच्या काळात, 1821 ते 1850 मध्ये, हे किडे चिनी मातीच्या कुप्यांवर फार दिसतात. विषयही असा तारखेला हातभार लावतो. भिंगाखाली किड्याच्या मिशा पाहिल्या. एकेक मिशी एका श्वासात ओढलेली, मुळाशी जाड आणि टोकाला नाहीशी होणारी, कुठेही उचलून पुन्हा टेकवलेली नाही. पायांवरचे काटे मोजता येत होते. पानाचा हिरवा पातळ, खालचा पांढरा जाणवू देणारा. एका किड्याच्या पाठीवरचा मिना नेमका तिथे झिजला होता जिथे माझा अंगठा टेकत होता. मी अंगठा काढून पुन्हा ठेवला, पुन्हा तिथेच आला.

मी म्हटलं, “दाओग्वांग. शिक्का असला तर तोही त्याचाच असेल.” सीफू काही बोलले नाहीत, त्यांनी पट्टी सोलली. लोहाच्या लालात, मुद्रेच्या वळणाची चार अक्षरं: दाओग्वांगच्या काळात केली. रेषा पातळ, न अडखळता फिरलेल्या. मी वहीत लिहिलं: दाओग्वांग शिक्का आणि त्याच काळातली, बूच नंतरचं, चमचा तुटलेला.

मग बूच काढून कुपी पांढऱ्या कागदावर उपडी केली. नखावर मावेल एवढी भुकटी पडली, तपकिरीच्या नावावरूनच ज्या रंगाला आपण नाव दिलं त्या रंगाची. मी नाक जवळ नेलं. वास जवळपास उरलाच नव्हता. सीफूंनी कागद मधोमध दुमडून त्याची पन्हळ केली आणि भुकटी, एक कणही न सांडता, पुन्हा कुपीत ओतली.