पोक काढलेल्या पाठीचे विज्ञान

‘पोक काढून बसू नकोस’ हे ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणाची दहावी पार पडत नाही. ऐकल्याबरोबर पाठ ताठ होते आणि स्वयंपाकघरात फोडणी चुरचुरेपर्यंत पुन्हा वाकते. यात पोराचा दोष फारसा नाही. उभे राहणे, बसणे, मान तोलणे ही कामे मेंदू बहुतांशी आपल्या नकळत उरकतो. उभे असताना शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, त्यामुळे आपण सतत पुढे कलत असतो आणि पोटरीचे स्नायू आपल्याला सतत मागे ओढत असतात. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, डोळे आणि स्नायूंमधले ताण टिपणारे संवेदक यांच्याकडून येणाऱ्या खबरींवर हा कारभार चालतो. मणक्यालगतच्या स्नायूंत हळू आकसणारे पण लवकर न थकणारे तंतू अधिक असतात, ते याचसाठी. आईच्या हुकमाने ताणलेली पाठ मात्र लक्ष असेपर्यंतच टिकते. लक्ष पुस्तकाकडे गेले की कारभार पुन्हा जुन्या सवयीच्या हाती.

मग सवय न बदलता, नुसते थोडा वेळ ताठ राहून माणसात काही बदल घडवता येईल का? २०१० मध्ये अमेरिकेत डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप या संशोधकांनी ४२ जणांवर एक प्रयोग केला. काहींना ऐसपैस, रुबाबदार पवित्र्यात बसवले-उभे केले, काहींना अंग चोरून. जेमतेम दोन मिनिटांत रुबाबदार गटातले टेस्टोस्टेरॉन वाढले आणि ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल घटले, असा निष्कर्ष निघाला. कडी यांचे त्यावरचे व्याख्यान जगभर गाजले. मुलाखतीआधी प्रसाधनगृहात जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहण्याचा सल्ला आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांतही पोहोचला. पण २०१५ मध्ये इव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी २०० जणांवर तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा हार्मोन जागचे हलले नाहीत. लोकांना आपण जरा जोरात आहोत असे वाटले, एवढेच. पुढच्याच वर्षी खुद्द कार्नी यांनी आपला या परिणामावर आता विश्वास नसल्याचे जाहीर केले. शास्त्रज्ञाने असे उघडपणे सांगणे दुर्मीळ, म्हणून त्यांचे कौतुक करावेसे वाटते.

दोन मिनिटांच्या पवित्र्यापेक्षा सहा महिन्यांचा घाम वेगळे काही देतो का, याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चाचणीत सापडते. वेंडी कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साठी ओलांडलेली, पाठीचा बाक ४० अंश किंवा त्याहून जास्त असलेली ९९ माणसे त्यात होती. एका गटाने आठवड्यातून तीनदा, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाठीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम केले आणि शरीर कसे धरावे याचा सराव केला. सहा महिन्यांनी क्ष-किरण चित्रांवर बाक मोजला, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांचा बाक दुसऱ्या, व्यायाम न करणाऱ्या गटापेक्षा सुमारे तीन अंशांनी अधिक कमी झालेला दिसला. तीन अंश म्हणजे फार नाही. शेजाऱ्याच्या नजरेत भरेल असा हा बदल नव्हे. चालणे, खुर्चीतून उठणे अशा शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांमध्येही दोन्ही गटांत लक्षणीय तफावत नव्हती. पण स्वतःच्या दिसण्याबद्दल त्यांना काय वाटते हे विचारले, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची उत्तरे सुधारलेली होती.

मला या चाचणीत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच विजोडपण. पाठ थोडी सरळ झाली, माणूस त्याहून जास्त. याची सगळी कारणे चाचणी सांगत नाही, पण मानसशास्त्रात एक धागा आहे. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की ‘हे मला जमेल’ हा भरवसा सर्वांत पक्का होतो तो स्वतः ते करून दाखवल्याने. इतरांची शाबासकी किंवा समजूत त्या मानाने फिकी पडते. व्यायामात असा पुरावा लवकर हाती येतो. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः स्नायू फुगल्याने येत नाही, तर मज्जासंस्था आहेत त्याच तंतूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्याने येते. तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डीव्रीस यांनी १९७९ मध्ये हे दाखवले. म्हणून दंड आरशात तेवढाच दिसत असतो, पण काल न उचललेले वजन आज उचलले जाते.

आरशाचा विषय निघालाच आहे तर, कॅनडात २००३ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या ५८ तरुणींना वीस मिनिटे सायकल मारायला लावली होती. आरशासमोर सायकल मारणाऱ्यांना व्यायामानंतर इतरांइतके प्रसन्न वाटले नाही. जिमवाल्यांनी चारही भिंतींना आरसे लावण्याआधी नवख्यांचा विचार करायला हरकत नाही.

दुसऱ्यांना आपण कसे दिसतो, ही गोष्ट निराळी. स्वीडनचे गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये माणसाच्या सांध्यांना छोटे दिवे लावून त्याला अंधारात चालवले. चित्रफितीत फक्त हलणारे ठिपके होते, तरी पाहणाऱ्यांनी क्षणार्धात ओळखले की माणूस चालतो आहे. ठिपके थांबले की मात्र काहीच कळेना. नंतरच्या प्रयोगांत अशा ठिपक्यांवरून चालणाऱ्याची मनःस्थितीही लोकांना बऱ्यापैकी ताडता आली. तेव्हा छाप पडते ती चालीची, खांद्यांच्या लयीची. फोटोसाठी रोखून धरलेल्या छातीला तेवढा मान नाही.

आपली पाठ कुठे आहे हे पाहायला भिंत पुरते. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, हनुवटी वर न उचलता उभे राहा. डोक्याची मागची बाजू भिंतीला लागली तर ठीक. मध्ये बोटे जात असतील तर ते अंतर लिहून ठेवा. फिजिओथेरपिस्टही ते मोजतात. नुसत्या छातीच्या व्यायामाने ते कमी होईल असे समजू नये. पाठीचे, खांद्यांमागचे स्नायू ओढायला लावणारे व्यायाम हवेत आणि शरीर कसे धरले आहे याचे भानही.

सूर्यनमस्कारात मागे झुकणे आणि पुढे वाकणे आलटून पालटून येते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो आपल्या संस्थानात शाळांपर्यंत नेला. धडधाकट माणसाला तो उत्तम. हाडे ठिसूळ झालेल्या आजीला मात्र तो जसाच्या तसा शिकवू नये. १९८४ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या एका छोट्या अभ्यासात ठिसूळ हाडांच्या स्त्रियांपैकी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्क्यांच्या मणक्यांना नव्याने इजा झाली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. तेव्हा आधी हाडांची घनता तपासून घ्यावी, पायाचे अंगठे धरायला लावणारी आसने गाळावीत आणि पालथे झोपून छाती जराशी उचलण्यापासून, तीही शिकवणारे कोणी शेजारी असताना, सुरुवात करावी.