ढकला, पण जपून!

मैत्रिणींनो, घर लावताना लोखंडी कपाट सरकवण्याचा प्रसंग तुमच्यावर कधीतरी आलाच असेल. घाईघाईनं ते कोपऱ्यात ढकलायचं आणि मग ध्यानात यायचं, की अगबाई, दिव्याचं बटण त्याच्यामागेच राहिलं! ओढावं तर धरायला काही नाही, मागे जाऊन ढकलावं तर जागा नाही. हीच फजिती एका जपानी माणसानं खेळात आणली. खेळ संगणकावरचा, नाव ‘सोकोबान’, म्हणजे गोदामाचा रखवालदार. हिरोयुकी इमाबायाशी यांना तो १९८१ मध्ये सुचला आणि १९८२ मध्ये तिथल्या घरगुती संगणकांसाठी बाजारात आला. आज तो मोबाइलवरही खेळता येतो.

खेळ समजायला अगदी सोपा. वरून पाहिल्यासारखं गोदाम दिसतं. त्यात भिंती, काही पेट्या आणि पेट्या ठेवायच्या खुणेच्या जागा. रखवालदार वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चालतो, तिरका नाही. पेटी फक्त ढकलायची, ओढायची नाही, आणि एका वेळी एकच. सगळ्या पेट्या खुणेवर गेल्या की पट सुटला.

तुम्ही म्हणाल, हे मुलांचे उद्योग, आम्हाला काय त्याचं? पण याचा पहिला गुण खास आपल्यासाठीच आहे. मूळ खेळात घड्याळ नाही! दूध उतू चाललंय, दारावर कुणी आलंय, खुशाल उठा. पेट्या जागच्या जागी वाट पाहतात. दुपारचा जो अर्धा तास आपल्या वाट्याला येतो, तो तुकड्यातुकड्यानंच येतो. अशा तुकड्यांना पुरून उरणारे खेळ फार थोडे.

दुसरा गुण म्हणजे इथे नशिबाला जागा नाही. सापशिडीतला साप नाही की पत्त्यांतली वाईट पानं नाहीत. पट सुटला तर तो तुमच्या डोक्यानं सुटला. हे समाधान कुणाला सांगायला जावं लागत नाही.

आता दोष. पहिला मोठाच आहे. तुम्ही हरलात, हे हा खेळ सहसा सांगतच नाही. एखादी पेटी चुकून कोपऱ्यात गेली की सगळा डाव तिथेच संपला. पण रखवालदार आपला फिरतोच आहे, आपणही बाकीच्या पेट्या ढकलतोच आहोत. एका दुपारी मी असाच अर्धा तास घालवला. चहा गार झाला, आणि डाव तर दहाव्याच चालीला बुडाला होता!

दुसरा दोष, पायऱ्या चढत्या नाहीत. मूळच्या प्रसिद्ध पटांपैकी पहिल्याच पटात ६ पेट्या आहेत. नवखी बाई तिथेच घाबरते. आणि तिसरा, युक्ती सुचल्यावरही मोठ्या पटावर येरझारा घालाव्याच लागतात, तेव्हा कंटाळा येतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. कोपऱ्यात खूण नसेल तर तिथे पेटी नेऊ नका. भिंतीला लागलेली पेटी भिंतीपासून सुटत नाही, तेव्हा त्या भिंतीलगत खूण आहे का, ते आधी पाहा. आणि भिंतीला लागून दोन पेट्या शेजारी-शेजारी आल्या की दोन्ही अडकल्या. एवढं पाठ झालं की बुडालेला डाव लगेच ओळखता येतो. मग रेंगाळू नका. चाल मागे घ्यायची सोय असली तर ती वापरा, नाहीतर सरळ पहिल्यापासून मांडा. त्यात कमीपणा कसला? बिघडलेली वीण उसवून आपण पुन्हा घालतोच की!

आणि अडलात तर स्वतःला बोल लावू नका. जोसेफ कल्बरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं, की हे कोडं अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतं. कोणताही पट झटपट सुटेल अशी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. मग आपल्याला एका दुपारी नाही जमलं, तर काय बिघडलं?

संगणक हाताशी नसला तरी चालेल. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीवर पेन्सिलीनं भिंती काढा, दोन फुल्या मारा, दोन चिंचोके पेट्या म्हणून ठेवा आणि शर्टाचं बटण रखवालदार करा. आधी दोनच पेट्या, मग तीन. मुलं आपणहून शेजारी येऊन बसतील आणि “आई, ओढायचं नाही हं!” म्हणून तुम्हालाच बजावतील.

फक्त दूध गॅसवर ठेवून बसू नका. खेळ थांबतो, दूध थांबत नाही!